अकरा पाकिटे, एक सही

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. टपाली मतांचे ते प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे आठवते.

मी सहावीत असताना वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून न्युरेम्बर्गला आलो. पुढे जर्मन नागरिक झालो, पोलिसांत भरती झालो आणि गुन्हे शाखेतून निवृत्त झालो. घरी मराठी आणि ठाण्यात जर्मन, यातच सगळी नोकरी गेली. शेवटची काही वर्षे नेमणूक न्युरेम्बर्गपासून तासाभरावरच्या एका लहान जिल्ह्यात होती.

त्या जिल्ह्याच्या रुग्णालयातला प्रसूती विभाग बंद करण्याचे घाटत होते. लोकांनी सह्या गोळा केल्या आणि प्रश्न थेट मतदारांपुढे आला. याला तिथे ब्युर्गरएन्टशाइड म्हणतात. उमेदवार नाही, पक्ष नाही. मतपत्रिकेवर एक प्रश्न आणि खाली ‘हो’ किंवा ‘नाही’. बेकरीच्या रांगेतसुद्धा लोक त्यावरून हमरीतुमरीवर येत.

मतदानाला सहा दिवस उरले असताना, सोमवारी सकाळी, पन्नाशीचा एक गृहस्थ ठाण्यात आला. कोट न काढताच बोलू लागला.

“माझी आई इथल्या वृद्धाश्रमात, सीनियोरेनहाइममध्ये असते. दोन वर्षं झाली, तिला माझं नावसुद्धा आठवत नाही. आणि काल कळतंय की तिचं मत टपालानं गेलं! तिथल्या त्या भारतीय नर्सनं भरलंय. तिची स्वतःची मुलगी त्याच विभागात जन्मली. तिला तो हवाच आहे.”

मी मतदान कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, “मी तुम्हालाच फोन करणार होते.” टपाली मतदानात मतपत्रिका आतल्या बंद पाकिटात जाते आणि सोबत सही केलेले प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. मतदाराचे हात चालत नसतील तर मदतनीस खूण करू शकतो. पण मतदाराने सांगितलेलीच, आणि प्रतिज्ञापत्रावर मदतनीस म्हणून स्वतःची सही करून. त्या वृद्धाश्रमातून अकरा पाकिटे आली होती आणि अकरांवरही एकाच मदतनिसाची सही होती. बाईंनी नाव वाचून दाखवले. आडनाव आपल्याकडचे होते.

मी तसाच उठून साहेबांकडे गेलो. “संशयित बाई माझ्या भाषेची आहे. माझी ओळख नाही, पण उद्या कुणी बोट दाखवायला नको.” ठरले असे की चौकशी माझी सहकारी करेल आणि मी शेजारी बसून नोंदी घेईन. ही सहकारी वयाने माझ्या निम्मी होती, पण प्रश्न विचारताना घाई करत नसे. मला तिचे ते आवडे.

मंगळवारी नर्स आली. पस्तिशीची, लांब वेणीची, कोल्हापूरकडची, नवरा न्युरेम्बर्गला सॉफ्टवेअरमध्ये. खोलीत शिरताना तिने माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचली आणि चटकन म्हणाली, “काका, माझा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे हो. तो अडकेल का?”

अडकणार होता. गुन्ह्याची चौकशी सुरू असली की असा अर्ज बाजूला ठेवतात, हे मला ठाऊक होते. मी तिला जर्मनमध्ये सांगितले, “इथलं सगळं बोलणं नोंदीत जातं. आपण जर्मनमध्येच बोलू.” तिचा चेहरा उतरला. नोकरीत मी बरीच कठोर वाक्ये बोललो आहे, पण हे सर्वांत जड गेले.

सहकारीने तिला हक्क समजावून सांगितले. गप्प राहायची मुभा होती, तरी ती बोलली.

“अकरा जणांना तुम्ही मदत केलीत?”

“हो. ज्यांचे हात थरथरतात किंवा दिसत नाही, त्यांना. मी प्रश्न वाचून दाखवला, त्यांनी सांगितलं, मी खूण केली.”

“कुणी काय सांगितलं?”

“ते मी सांगणार नाही.”

“सांगितलंत तर तुमचाच फायदा आहे. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं नसेल, तर तुमच्यावरचा संशय कमी होईल.”

“त्यांचं मत गुप्त आहे. मला ते मदत करताना कळलं. ते माझं नाही सांगायला.”

सहकारीने माझ्याकडे पाहिले. लपवाछपवी करणारा माणूसही अगदी असाच अडून बसतो. मला मात्र तिचे उत्तर बरोबर वाटले आणि ते मला आपल्या माणसाबद्दलच्या मायेमुळे वाटते आहे की काय, हे ठरवता येईना. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

दीड तासाने सहकारीने नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. “आणखी काही सांगायचं आहे?”

नर्स एकदम रडू लागली. “त्या चार पाकिटांचं सांगायचंय. ती मी पाठवली नाहीत. मला वाटलं, त्यासाठीच तुम्ही बोलावलंय.”

आम्हाला चार पाकिटांचा पत्ताच नव्हता.

बुधवारी आम्ही वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाईंना घेऊन नर्सच्या खोलीतले, तिने सांगितलेले कपाट उघडले. वरच्या कप्प्यात चार मतपत्रिका होत्या, कोऱ्या. प्रत्येकीला एक चिठ्ठी टाचलेली: ‘दोन दिवस विचारले. उत्तर मिळाले नाही. भरलेली नाही.’ रोजच्या शुश्रूषेच्या वहीतही अकरा जणांच्या नोंदी होत्या. कधी विचारले, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, उत्तर तेच आले का. काय उत्तर आले, ते कुठेही लिहिलेले नव्हते.

गाडीत बसल्यावर सहकारी म्हणाली, “फसवायचंच असतं, तर हीच चार सगळ्यांत सोपी होती. बोलूच न शकणारी माणसं.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” मी म्हणालो. माझ्या छातीवरचे अर्धे ओझे तिथेच उतरले.

त्याच दुपारी तक्रारदाराला पुन्हा बोलावले. सहकारीने साधा प्रश्न विचारला. “मत गेल्याचं तुम्हाला रविवारी कसं कळलं?”

“मी आईचं पाकीट घ्यायला गेलो होतो.”

“कशासाठी?”

“भरायला. मी तिचा मुलगा आहे.”

“त्यांना विचारून?”

“तिला काय विचारायचं? तिला काय कळतंय?”

सहकारीने हातातले पेन टेबलावर ठेवले. “म्हणजे जी तक्रार तुम्ही केलीत, तेच तुम्ही स्वतः करणार होतात.”

तो लालबुंद झाला. मला वाटले आता आरडाओरडा करेल. पण तो खुर्चीत खचला. “ती मला ‘तुम्ही’ म्हणते हो,” तो म्हणाला. “परक्यासारखं. त्या नर्सला मात्र ओळखते.” माणसे तक्रार एका गोष्टीची करतात आणि दुखत दुसरेच असते, हे मी पुष्कळदा पाहिले होते. त्या क्षणी मला त्याचा राग येईना.

उरली आई. गुरुवारी सकाळी मी सहकारीला बरोबर घेऊन तिच्या खोलीत गेलो. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, नव्वदीला टेकलेली, हात सारखे हलणारे. मी ओळख सांगितली आणि मतदानाचे विचारले.

“हो, झालं माझं,” ती म्हणाली. “त्या लांब वेणीवालीनं तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला कळलंच नाही. ‘बंद करण्याला तुमचा विरोध आहे का?’ असा उलटा प्रश्न कोण विचारतं? शेवटी कळलं. मग मी सांगितलं.”

“काय सांगितलं ते मला सांगू नका हं.”

“सांगणारच नव्हते!” ती खुदकन हसली. मग तिने मला विचारले, मुले किती, बायकोला कळा किती वेळ आल्या होत्या, मूल जन्मताच रडले की नाही. बाई त्याच प्रसूती विभागात आयुष्यभर सुईण होती. मुलाने हे आम्हाला सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

उरलेल्या दहा जणांनीही, आपल्याला विचारूनच नर्सने खूण केली, असे त्याच दिवशी सहकारीला सांगितले. शुक्रवारी सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केले. गुन्हा घडलेला नाही, अकराही मते ग्राह्य. लेखी कळवणे झाल्यावर मी नर्सला फोन केला, आणि या वेळी मराठीत.

“अगं, संपलं सगळं. तुझ्यावर काही नाही. अर्जालाही अडचण नाही.”

ती फोनपासून दूर होऊन ओरडली, “अहो, ऐकलंत का! सुटले मी!” मागून भांडे पडल्याचा आवाज आला, मग दोघांचे हसणे. मीही फोन धरून हसत उभा होतो. सोमवारनंतर पहिल्यांदाच त्या रात्री शांत झोप लागली.

रविवारी मतदान झाले. प्रसूती विभाग राहिला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि ती थोडी उशिराच शिकवली. दुसऱ्याच्या नावावर आपले मत खपवणारा आणि दुसऱ्याचे मत जपून पोहोचवणारा, कागदावर दोघे सारखेच दिसतात. हातात एकच सही असते. फरक समजून घ्यायचा तर ज्याचे मत आहे त्याच्याकडे जावे लागते. आम्ही मतदान कार्यालयाला विचारले, मुलाला विचारले, नर्सला विचारले, प्रमुख बाईंना विचारले. त्या म्हातारीकडे चौथ्या दिवशी गेलो, आणि तिने दहा मिनिटांत उत्तर दिले. तिला काय कळतंय, हे वाक्य मुलगा मोठ्याने बोलला. आम्ही न बोलता तसेच वागलो होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत म्हाताऱ्या माणसाबद्दल कुणीही काहीही सांगत ठाण्यात आले की मी आधी टोपी उचलायचो आणि त्या माणसाच्या खोलीचे दार वाजवायचो.