दोन बादल्या बोअरचं पाणी

समुद्रवाल्या सरांनी खरा समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, मुंबईला, पुतण्याच्या लग्नात. सगळी वऱ्हाडी मंडळी पँटी दुमडून पाण्यात शिरली, आणि हे काठावर उभे राहून म्हणाले, "नायट्रेट लय असन यात." मग पाठ फिरवून ते कणीस घ्यायला गेले.

सर आमच्या अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्याच विषयाची शिक्षिका आणि दोन घरं सोडून राहणारी शेजारीण. निवृत्तीनंतर त्यांनी बैठकीत चार फुटी काचेची टाकी मांडली, पाकिटातलं मीठ मोजून पाण्यात कालवलं आणि त्यात जिवंत प्रवाळ वाढवलं. समुद्रापासून इतक्या लांब, तेही अकोल्यात! गल्लीने लगेच नाव ठेवलं, समुद्रवाले. मे महिन्यात टाकीला थंड ठेवणारं यंत्र होतं आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, खडखडणारा कुलर. काकू हसून म्हणायच्या, "मी बी मासोळी असती तं बरं झालं असतं." सर हसायचे नाहीत.

रोज सकाळी चहाच्या आधी ते पाणी तपासत. काचेच्या नळीत टाकीचं पाणी, त्यात पावडर, मग घड्याळ लावून थांबायचं. पाणी फिकट गुलाबी राहिलं तर सर खूश, लाल झालं तर घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आकडा वहीत लिहायचा आणि वाढला असेल तर शेजारी 'कारण' लिहायचं. "नायट्रेट दिसत नाही," ते सांगत. "मासोळी पोहून राहिली, म्हंजे आपल्याले वाटते सगळं बेस हाय. आतून प्रवाळ मरून राह्यते." वाढलेलं नायट्रेट घाईने उतरवायला त्यांची सक्त मनाई होती. आठवड्याला थोडंच पाणी बदलायचं, बाकी धीर धरायचा. हा धीर त्यांनी माणसांसाठी वापरलेला मी पाहिला नाही.

मासोळ्यांना खाणं घालायचं काम काकूंचं. आपल्याकडे पाहुण्याला दोनदा आग्रह केल्याशिवाय ताट उचलत नाहीत, आणि काकूंच्या लेखी त्या केशरी मासोळ्या पाहुण्याच होत्या. सुरुवातीला त्या मूठ-मूठ टाकत. उरलेलं तळाशी सडून नायट्रेट वाढलं, तेव्हा सरांनी त्यांच्या हातात मिठाचा इवलासा चमचा दिला. त्यानंतर काकूंनी त्या चमच्याचा नेम कधी मोडला नाही. खाणं टाकून झालं की मात्र त्या काचेपाशी बसून मासोळ्यांना दिवसभराचं सगळं सांगायच्या. ऐकणारं दुसरं होतं कोण?

एका उन्हाळ्यात सरांच्या बहिणीचं अमरावतीला ऑपरेशन झालं आणि ते बारा दिवस तिकडे राहिले. खाणं काकूंकडे, पाणी माझ्याकडे, कारण काकूंचे गुडघे बादली उचलू देत नव्हते. उन्हाने टाकीतलं पाणी उडतं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून वरून शुद्ध गोडं पाणीच भरायचं. हे मला सरांनीच शिकवलेलं. पण त्या आठवड्यात नळ आला नाही, शुद्ध पाण्याचे जार संपले, आणि मला पेपर तपासायचे होते. आमच्या बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही. मनात आलं, समुद्राची टाकी आहे, खाऱ्या पाण्याचं तिला काय वावडं? दोन बादल्या ओतून मी मोकळी झाले. आजूबाजूच्या शेतातला युरिया वर्षानुवर्षं त्या बोअरमध्ये उतरतो, हे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मला सुचलं नाही.

सर परतले, पिशवी खाली ठेवून आधी नळी हातात घेतली. पाणी लालभडक झालं.

"किती टाकत होती?" त्यांनी काकूंना विचारलं.

"एकच चमचा हो. तोही पुरा नाही."

"मंग काहून वाढलं? टाकल्याशिवाय वाढते का?"

मी तिथेच उभी होते, काकूंनी दिलेला पाण्याचा गडवा हातात घेऊन. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. ज्यांच्याकडून मी विषय शिकले त्यांच्यासमोर मूर्ख ठरायची मला लाज वाटली. सरांनी पुन्हा तेच विचारलं, काकूंनी पुन्हा तेच सांगितलं, मग त्या चमचा टाकीवर ठेवून आत गेल्या.

पाणी तीन महिन्यांत ताळ्यावर आलं. काकू मात्र बैठकीत बसेनाशा झाल्या. चहा चुलीपाशी, टीव्ही बंद, मासोळ्यांचं नाव नाही. सरांनी एकदाही "ये, बस" म्हटलं नाही. पाणी ते तीनतीनदा तपासायचे, पण बायकोचा शब्द त्यांना एकदाही खरा वाटला नाही. याचा मला राग यायचा, आणि तो राग मला फार सोयीचा होता. दोन वर्षांनी, ऐन हिवाळ्यात, काकू गेल्या.

तेरवीनंतर महिन्याभराने मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती?"

"दोन बादल्या."

त्यांनी जुनी वही काढली, ते पान शोधलं. त्या वाढलेल्या आकड्यापुढे, कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'हिने खाणं जास्त टाकलं.' वही आणि पेन माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "खोड."

मी खोडलं.

"मले कायले सांगून राहिली आता? तिले सांगाचं होतं."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. जिथे बोलायचं तिथे गप्प बसले आणि इथे बोलले. "त्यांनी तर तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, सर."

त्या दिवशीचं पाणी तपासायचं राहिलं होतं, म्हणून सरांनी नळी उचलली. पावडर नळीत न पडता सगळी टेबलावर सांडली. मी पुसायला पुढे झाले, तर म्हणाले, "राहू दे. तू जाय."

मी घरी आले. नंतर त्यांनी बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही.