अर्ध्या किमतीचं औषध

ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही आणि अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घाला.

यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो हाडांपर्यंत पोचला होता. हे निवृत्त झाल्यावर दिल्लीतच आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आलो, त्याला वर्षही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मुळापासून जाणार नाही, पण इम्युनोथेरपीने काहींना वेळ मिळतो. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं. औषध फार महाग, आणि फंडाचे पैसे फ्लॅटमध्ये गेलेले.

धाकटे दीर गुडगावला कंपनीत आहेत. ते म्हणाले, "वहिनी, करोल बागेत माझा ओळखीचा डीलर आहे, स्वस्तात देतो. आत्ता मी भरतो, तुम्ही सवडीने द्या." त्यांनी किंमत सांगितली, ती मी कॅलेंडरमागे लिहून ठेवली.

मी बाहेर फारशी बोलत नाही, हिंदीही अडखळत येतं. पण हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात धीर करून त्याच औषधाची किंमत विचारली. त्या माणसाने सांगितली ती बरोबर दुप्पट. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढं महाग औषध निम्म्यात कोण देतो? नकली देणाराच देईल. दिरांकडे बिल मागितलं तर म्हणाले, "अरे हो, शोधतो."

बाटलीतलं औषध पाण्यासारखं दिसायचं. शेजारच्या बाईंना केमोने उलट्या झाल्या होत्या, केस गेले होते. यांना काहीच नाही. घरी येऊन हे पोहे मागायचे.

"तुमचे केस कसे गळत नाहीत?" मी एकदा विचारलंच.

"राहिलेत चार, त्यांच्यावरही तुझा डोळा?" हे म्हणाले.

हे हसले, पण मला हसू आलं नाही. पाणीच चढवतायत, अशी माझी खात्रीच झाली. बोलले असते तर भावाभावांत वितुष्ट आलं असतं, म्हणून गप्प राहिले.

तिसऱ्या डोसनंतर यांना जुलाब सुरू झाले. काही झालं तर लगेच कळवा, असं सांगून नर्सने फोन नंबरचं कार्ड दिलं होतं. मी फोन केला नाही. पाण्याने कोणाला काय होणार, असं मनात. मेतकूट-भात, ताक, डाळिंबाचा रस, असे चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी यांना पलंगावरून उठता येईना, तेव्हा हॉस्पिटलात नेलं.

"माताजी, चार दिन?" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "ये दवा शरीर की ताकत को जगाती है. वो कभी-कभी अपनी ही आँतों पर टूट पड़ती है. इसी दवा से हुआ है."

यांची आतडी औषधानेच बिघडली होती. म्हणजे औषध खरं होतं.

कागदपत्रांसाठी त्यांनी बॅच नंबर असलेली बिलं मागितली. दीर फाईल घेऊन आले. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. बिलावरचा आकडा हॉस्पिटलच्या दुकानातलाच होता.

"भावजी, हे किती?"

"आहे ते आहे, वहिनी."

"मग आम्हाला निम्मं का सांगितलंत?"

"पूर्ण सांगितलं असतं तर दादाने टोचून घेतलं असतं? चलो, आता तो विषय नको."

"मला वाटलं, तुम्ही नकली आणताय."

"माहीत आहे. बाटली उजेडात धरून बघायचात तुम्ही. म्हटलं, बघू देत."

स्टेरॉइड दिल्यावर जुलाब थांबले. ते औषध मात्र डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. गाठी लहान झाल्या होत्या, त्यावर हे दीड वर्ष राहिले. मी पहिल्याच दिवशी फोन केला असता तर पुढचे डोस मिळाले असते का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

हे गेल्यावर मी दिरांकडून तिन्ही बिलं मागून घेतली. एखादं दडवतील, असं वाटलंच. यांच्यामागे मला मिळणाऱ्या अर्ध्या पेन्शनमधून आणि चकली-अनारशांच्या ऑर्डरींतून पैसे जमवत गेले. दर वेळी ते म्हणायचे, "वहिनी, निम्मे तर केव्हाच झाले."

"बिलावर निम्मे लिहिलेत का?" मी म्हणायची.

परवा त्यांच्या घरी जाऊन शेवटची रक्कम दिली. ते पाकीट तसंच खिशात घालायला लागले. मी मोजायला लावलं. त्यांनी मोजलं आणि तिन्ही बिलांवर "पूर्ण मिळाले" असं लिहून सही केली.