बारातली सात अक्षरं

सकाळचे सव्वासात झाले होते. गॅसवर दूध वर येऊ पाहत होतं, नवरा टेबलाशी बसून दुधाच्या पिशवीवरची तारीख चष्म्याच्या खालच्या भागातून वाचत होता. ती तारीख बायकोने नुकतीच मोठ्याने वाचून दाखवलेली होती. तेवढ्यात दार वाजलं.

ती जागची हलली नाही. या घरात दार उघडणं हे नवऱ्याचं खातं. बेल त्यांनीच काढून टाकली होती. बेल कोणीही दाबतं, दार वाजवणाऱ्याचा हात मात्र ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं. आधी आतून "कोण?" विचारायचं, मग उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर पटलं तर दुसरा प्रश्न, आणि तेही पटलं तर कडी. एकदा सख्खी बहीण या दोन प्रश्नांपायी हातातल्या पिशव्यांसकट पाच मिनिटं जिन्यात उभी राहिली होती. तेव्हापासून तिने भावाचं नाव शंकासुर ठेवलं आणि ते साऱ्या गोतावळ्यात चालू झालं.

खरं सांगायचं तर ही सवय त्यांना धंद्याने लावलेली. रक्ततपासणीच्या एका केंद्रात ते सव्वीस वर्षांपूर्वी वायरी ओढायला लागले. केंद्राच्या नऊ शाखा झाल्या तशी नऊ शाखांच्या सर्व्हरची देखभाल त्यांच्याकडे आली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ऑफिसने एक कॉम्प्युटर, त्यांच्या भाषेत मशीन, घरी दिलं. ते आतल्या खोलीत कपाटाशेजारी बसलं आणि कपाटाचं एक दार तेव्हापासून अर्धंच उघडतं. त्या मशीनवर त्यांनी लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने ओळीने पाळायच्या हुकमांची यादी, रोज पहाटे साडेपाचला आपोआप सुरू व्हायची. ती एकेका शाखेच्या सर्व्हरला हाक मारायची. समोरून नाव विचारलं की नाव द्यायची, पासवर्ड विचारला की पासवर्ड. मग जुने रिपोर्ट साठवणीत हलवून निरोप घ्यायची आणि पुढच्या शाखेकडे वळायची. म्हणजे माणूस बसून जे करेल तेच, फक्त माणूस झोपलेला. समोरून काय आलं ते पाहिल्याशिवाय आपण पुढचं बोलायचं नाही, हा त्या स्क्रिप्टचा नियम होता, आणि लिहिणाऱ्याचाही.

तर दारात केंद्राची नवी सुरक्षा अधिकारी उभी होती. तीन महिन्यांपूर्वीच आलेली, तिशीची, कमी बोलणारी. तिच्यामागे केंद्राचा जुना कारकून हातात जाड वही घेऊन चपला काढाव्यात की नाही या विचारात होता. दोन्ही प्रश्न विचारून झाल्यावर दोघं आत आले. शंकासुरांचे प्रश्न ऐकून अधिकारी बाई हसली नाही, हे बायकोच्या लगेच लक्षात आलं.

बाईने उभ्यानेच सांगितलं. आज पहाटे साडेपाच ते पावणेसहा या वेळात नऊही शाखांच्या सर्व्हरवर चुकीचा पासवर्ड तीन तीन वेळा टाकला गेला. सत्तावीस वेळा. नव्या नियमाप्रमाणे तीन चुकांनंतर सर्व्हरने सगळ्यांनाच दार बंद केलं. सात वाजल्यापासून नऊ ठिकाणी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं ताटकळली आहेत. आणि हे सगळं ज्या मशीनवरून झालं ते या घरात आहे.

"पासवर्ड फोडायचा प्रयत्नच दिसतो," ती म्हणाली. "मला मशीन बघायचंय. आणि कोणाकोणाचा हात लागतो तेही."

शंकासुर पांढरे पडले. त्यांच्या बायकोने गॅस बंद केला. पंचवीस वर्षांत तिने त्यांना सगळ्या जगावर संशय घेताना पाहिलं होतं. त्यांच्यावर कोणी घेतलेला ती आज पहिल्यांदा बघत होती. सवय नसलेल्या माणसासारखे ते गोंधळले.

आधी त्यांनी बाईवरच उलटवलं. पासवर्ड कालच बदलला, तोही तिने पाठवलेला, म्हणजे तो बरोबर दिला होता कशावरून? बाईने स्वतःच्या लॅपटॉपवरून एका शाखेचं कुलूप काढून तोच पासवर्ड समोर टाकून दाखवला. सर्व्हर उघडला. मग त्यांनी सफाईवालीची चौकशी केली. ती आतल्या खोलीत फक्त पोछा मारते आणि मशीनच्या वाटेला जात नाही, हे बायकोने सांगितलं. मग ते क्षणभर थांबले आणि नको ते बोलले.

"रविवारी हिचा धाकटा भाऊ बसला होता मशीनवर. अर्ज छापायचा म्हणून. चांगला अर्धा तास."

कारकुनाने पेन उघडलं. "कोण, आपल्या सहाव्या शाखेतला? नमुने पोचवतो तो?"

"तोच."

वहीत पेन चालल्याचा आवाज बायकोला ओट्यापाशी ऐकू आला. तिने चहाचं आधण ठेवलं, साखर घातली, आणि घातली की नाही आठवेना म्हणून पुन्हा चाखून बघितली.

भावाची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. आधीच्या ठिकाणी गोदामातून माल कमी पडला आणि त्या आठवड्यात चावी ज्याच्याकडे होती तो म्हणून याला काढलं. पुरावा नव्हता, नुसता वहीत शेरा होता. पुढची दोन वर्षं तो शेरा याच्या आधी मुलाखतीला पोचायचा. शेवटी चार महिन्यांपूर्वी केंद्रात लागला, तो स्वतःच्या हिमतीवर, मेहुण्यांचं नाव न सांगता. सहा महिने कच्ची नोकरी. आता दोन उरले होते. कारकुनाच्या वहीतली ती एक ओळ त्या दोन महिन्यांना पुरून उरली असती, हे शंकासुरांना कळत नव्हतं असं नाही. भीतीने माणूस हाताला लागेल ते पुढे करतो, आणि हाताला तो लागला.

आतल्या खोलीत बाई मशीनपुढे बसली. नवरा तिच्या खांद्यावरून वाकून, कारकून कपाटाला टेकून. चहा घेऊन बायको आली तेव्हा बाई विचारत होती की स्क्रिप्ट काय पाठवते याची नोंद कुठे आहे. नोंद होती, आणि कागदावरही होती. पडद्यावरचं कोणीही बदलू शकतं म्हणून रोजचं पान आपोआप छापलं जायचं आणि ते भोकं पाडून फाईलला लावायचं काम बायकोचं. आजचं पान अजून छपाईयंत्राच्या तोंडातच होतं.

तिने सवयीने ते ओढलं. अकरा वर्षं ती ही पानं लावत होती. त्यातलं निम्मं तिला कळत नव्हतं, तिने विचारलंही नव्हतं, पण शेवटचा रकाना ओळखीचा होता. पासवर्ड कागदावर लिहायचा नाही म्हणून त्यांनी फक्त किती अक्षरं पाठवली तो आकडा लिहायची सोय केली होती. धोब्याकडे कपडे देताना ती जशी नग मोजून लिहायची, तसं. त्या रकान्यात कालपर्यंत वरपासून खालपर्यंत नऊचा आकडा असायचा. आज सातचा होता.

ती दोनदा मोजत नसे, आज ओळी दोनदा मोजल्या. मग ट्रे मशीनवर ठेवायचा नाही हा घरचा नियम मोडून तिने तो मशीनवरच ठेवला.

"अहो, काल जेवताना तुम्ही चिडला होतात. नवा पासवर्ड बारा अक्षरी आहे, लक्षात कसा ठेवायचा म्हणून."

"मग?"

"इथे सातच गेलीत. सत्तावीसही वेळा सात."

बाईने पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि पहिल्यांदाच बायकोकडे नीट पाहिलं. फोडायला बसलेला माणूस दर वेळी वेगळं काहीतरी टाकून बघतो, मोजून सातच अक्षरं सत्तावीसदा टाकत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. पण ती लगेच विरघळलीही नाही. "आकडा मशीन लिहितं," ती म्हणाली, "आणि मशीन यांचं आहे." तिने पासवर्ड चिठ्ठीवर लिहून बोटाने मोजला. आठवं अक्षर डॉलरचं चिन्ह होतं, त्यापुढे चार अक्षरं.

शंकासुर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांनी चिठ्ठी पाहिली, पडद्यावरची स्क्रिप्टची चौथी ओळ पाहिली, आणि बसायला गेले. खुर्चीत बाई होती, म्हणून ते पलंगाच्या कडेवर बसले.

चौथ्या ओळीत पासवर्ड दुहेरी अवतरणचिन्हांत होता; काल त्यांनी आतला पासवर्ड बदलला, भोवतीची चिन्हं जुनीच राहिली. बायकोला त्यांनीच समजावलं, तिच्याकडे न बघता. एकेरी चिन्हांत जे ठेवावं ते मशीन जसंच्या तसं उचलतं. दुहेरीत ठेवलं तर आधी वाचून बघतं, आणि डॉलर दिसला की पुढची अक्षरं म्हणजे कुठल्यातरी डब्यावरची चिठ्ठी समजतं. त्या नावाचा डबा शोधतं, आतलं काढून तिथे ठेवायला. डबा असा नव्हताच. मशीन ओरडत नाही, रिकामं धरतं. डॉलर आणि पुढची चार, पाचही अक्षरं गिळली गेली. उरली सात. ती नऊ शाखांना जाऊन आली.

"आणि कालपर्यंत?" बाईने विचारलं.

"कालपर्यंत पासवर्डात डॉलर नव्हता."

कारकुनाला राहवलं नाही. ऑफिसच्या भिंतीवर शंकासुरांच्याच अक्षरातला एक कागद अजून लावलेला आहे, त्याने आठवण करून दिली, नव्या पोरांना शिकवताना लावलेला: बाहेरून आलेलं काहीही एकेरी चिन्हांत. "काका, आम्ही तो कागद वाचून वाचून म्हातारे झालो," तो म्हणाला. शंकासुरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती चौथी ओळ अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच, तो कागद लावायच्या आधी लिहिली होती. दूध, कडी, सफाईवाली, बायकोचा भाऊ, सगळ्यांची झडती झाली. ती एक ओळ मात्र घरातली म्हणून सुटली.

बाईने दोन्हीकडची दुहेरी चिन्हं काढून एकेरी घातली आणि मघाशी कुलूप काढलेल्या एकाच शाखेवर स्क्रिप्ट चालवली. समोरून नाव विचारलं, गेलं. पासवर्ड विचारला, गेला. सर्व्हर उघडला. नोंदीच्या शेवटच्या रकान्यात बारा आले. मग तिने फोनवरून बाकीच्या एकेका शाखेचं कुलूप काढायला लावलं. शेवटच्या शाखेत कोणीतरी रांगेतल्या माणसांना आत बोलावल्याचा आवाज फोनमधून आला, तेव्हा कुठे तिने चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता. ती तसाच प्यायली. बायकोने दुसरा करते म्हटलं तर नको म्हणाली, पण या वेळी थोडं हसून.

तरी जाताना तिने हातचं राखलंच. अहवाल वर जाणार. तोपर्यंत, पंधरा दिवस, पासवर्ड या घरात राहणार नाहीत. पहाटेचं काम ऑफिसातून होईल. हा संशय नाही, पद्धत आहे, असं ती म्हणाली, आणि शंकासुरांना ते कळावं तसं कळलं, कारण त्यांनीही आयुष्यभर हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. मशीनची वायर स्वतः काढली, गुंडाळली, रबर लावलं.

बायको दाराशी उभी होती. भावाबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. कारकून एका पायावर उभा राहून चप्पल चढवत होता, वही काखेत. शंकासुर दाराकडे आले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कडीवर हात ठेवला, पण दार उघडलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "चूक माझी लिहा, पंधराचे तीस दिवस करा, माझं काही म्हणणं नाही. त्या वहीत माझ्या मेहुण्याचं नाव आलंय. तेवढं माझ्यासमोर खोडा."