दुपट्यांची लाकडं

आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नसत, ते वाळवावे लागत, आणि त्याला लाकूड लागे. मोठ्या माणसांचं काही नाही. लुगडं दमटच नेसायचं, अंगावर वाळतं. पण तान्ह्या मुलाची दुपटी दमट चालत नाहीत. दिवसाला वीस-बावीस भिजतात, आणि रत्नागिरीच्या आषाढात दांडीवर टाकलेलं दुपटं तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतं, वर कुबट वास मारतं. मग शेगडीत निखारे घालायचे, त्यावर बुरुडाकडून मुद्दाम करून घेतलेली विरळ विणीची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर दुपटी पसरायची. एका वेळी तीनच मावत. ती वाळेपर्यंत आणखी दोन भिजलेली असत.

मुलगा झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. यजमान मुंबईला नोकरीला. पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा ते यायचे ते नारळी पौर्णिमा उलटल्यावर, गणपतीला. पत्र यायचं ते कोल्हापुरावरून, घाट उतरून, निम्मं पुसलेलं. या मुलाच्या आधीची मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेली होती, अशाच दिवसांत, छातीत कफ भरून. वैद्यांनी निघताना एवढंच म्हटलं होतं, पोरीला गारठा बाधला. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हा मुलगा मी गारठ्याला देणार नव्हते. त्यासाठी घरदार जाळावं लागलं तरी बेहत्तर, असं माझं चाललं होतं.

जाळायला होती ती लाकडं. वैशाखात फोडून, उन्हात तापवून, पडवीत भिंतीला लावून छातीएवढी रचलेली. ती भाद्रपदापर्यंत पुरवायची. मधे खाडीपलीकडच्या भाट्याहून एखादी मोळीवाली यायची, पण तिचं लाकूड भिजलेलं. ते पेटवायचं तर आधी ते वाळवायला घरचं लाकूड जाळा, असला सगळा कारभार. म्हणून सासूबाई रोज सकाळी सात लाकडं मोजून चुलीपाशी आणून ठेवत. त्या सातांत स्वयंपाक, माझं न्हाणं, बाळाचं न्हाणं, शेक आणि दुपटी. आठवं मागितलं की म्हणायच्या, "अगो, तुझ्या पोराचं बारसं झालं म्हणून पाऊस काय आटपतं घेणार आहे?" मला त्यांचा असा राग यायचा, की जेवण जात नसे.

दुपारी त्या देवळात पुराणाला जात. त्या पाणंदीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या की मी पडवीत शिरायची. पुढची रांग तशीच ठेवायची आणि बाजूने हात घालून मागची लाकडं काढायची. शेगडी लालबुंद करून सगळी दुपटी वाळवायची, घड्या घालायच्या, राख परसात फणसाच्या बुंध्याशी टाकायची. ऊनऊन दुपट्यात गुंडाळला की मुलगा एक सुस्कारा सोडून झोपी जाई. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला जरासुद्धा अपराधी वाटत नसे. उलट सासूबाईंवर मात केल्यासारखं वाटे.

श्रावणात एका सकाळी त्यांनी पुढच्या रांगेतलं लाकूड ओढलं आणि सगळी रांग धडाधड खाली आली. मागे नुसती भिंत. मी बाळाला घेऊन दारात उभी होते. आता माझ्या माहेरचा उद्धार होणार म्हणून मी कंबर कसूनच होते. उत्तरंही पाठ होती. पण त्या खाली बसल्या. लाकडं एकेक करून पुन्हा रचली आणि सात उचलून चुलीपाशी नेली.

दुसऱ्या दिवसापासून त्या ओलेत्याने वावरायला लागल्या. त्या विधवा; नेसायला लाल आलवणं दोनच. एक धुऊन काठीने उंच दांडीवर टाकायचं, कोणी शिवायचं नाही, आणि वाळलं की तेच सोवळ्याचं म्हणून नेसून स्वयंपाक करायचा. पावसात ते वाळावं म्हणून रोज संध्याकाळी त्या त्याच्याखाली थोडा विस्तव ठेवत. तो आता बंद झाला. पहाटे विहिरीवर नेसत्या आलवणानिशी अंगावर पाणी घ्यायचं आणि तसंच निथळत चुलीपुढे येऊन बसायचं. ओलेतं हेही सोवळंच, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. शेजारच्या काकूंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "चातुर्मासाचा नेम असेल हो. असं सोवळं आपल्या आळीत कोणी पाळत नाही." सासूबाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, "होय, नेमच."

मला वाटलं, हा माझ्यावरचा राग, देवाच्या नावावर चाललेला. शिवाय बाळाच्या शेगडीत रोज निखारे जास्त पडू लागले होते. दुपारी चोरी करायची गरजच राहिली नव्हती. म्हटलं, भ्याल्या मला. इतकी मी शहाणी होते.

श्रावण सरता सरता त्यांना ताप भरला. कूस बदलायला हात दिला तर अंगावरचं आलवण ओलं, खालचं कांबळंही ओलं. दुसरं आणायला गेले तर दांडीवरचं त्याहून ओलं, त्यावर बुरशीचे काळे ठिपके. मी ते हाताने ओढून काढलं आणि शेगडीवरच्या टोपलीवर पसरलं. सोवळ्याच्या वस्त्राला मी शिवले होते, पण त्यांचं लक्ष विस्तवाकडे. म्हणाल्या, "ते काढ. पोराचा विस्तव आहे तो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला रडूच फुटलं. म्हटलं, "मी लाकडं चोरत होते हो."

"ठाऊक आहे मला. पहिल्या दिवसापासून. फणसाखालची राख काय मला दिसत नव्हती?"

"मग बोलला का नाहीत?"

त्या बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "माझी दोन गेली अशी, पावसात. माझ्या सासूबाईही मोजूनच देत. पडवी भरलेली असायची गो. पण मी एक लाकूड काढलं नाही. भ्याल्ये." आणि मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तू काढलीस ते बरं केलंस. पण मी मोजली नसती तर तू आषाढातच सगळी संपवली असतीस."

मी त्यांचे पाय चेपत बसले. टोपलीवर आलवणाची वाफ निघत होती. तेवढ्यात पाळण्यात मुलगा भिजून रडायला लागला. घडीचं एकही दुपटं उरलं नव्हतं. मी उठले, टोपलीवरून आलवण काढलं आणि तीन दुपटी पसरली. अर्धवट वाळलेलं ते आलवण त्यांना नेसवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं.

मुलाने पावसाळा काढला. सासूबाईंचा खोकला मात्र हटला नाही. आश्विनात त्या गेल्या, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना. आळीतल्या बायका म्हणाल्या, नेमधर्मात गेली, पुण्यवान. मी ऐकून घेतलं. यजमानांनासुद्धा खरं सांगायला मला कितीतरी वर्षं लागली. ते म्हणाले, तू पोरवयाची होतीस, तुला काय कळत होतं.

कळलं होतं. सगळं कळल्यावरच मी टोपलीवरून ते आलवण काढलं होतं.