पंपाखालचं भोक

माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर शिडाची बोट घेतली, तेव्हा ओळखीपाळखीच्या बायकांनी मला सांत्वनाचे फोन केले. बाकीच्यांचे नवरे निवृत्त झाले की फार तर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. माझ्याने मुंबईच्या एका गृहस्थाकडून, ज्याची हौस तीन वर्षांत फिटली होती, सव्वीस फुटी जुनी बोट उचलली आणि अलिबागजवळच्या खाडीत आणून बांधली. मग बोटीवर लक्ष ठेवायला म्हणून आम्ही दोघं नागावात भाड्याने राहायला आलो. आता लोक आम्हाला समुद्रकिनारी राहणारं सुखी जोडपं समजतात. सकाळी सात वाजता बोटीच्या तळातलं काळं पाणी डब्याने उपसताना मला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

बोटीला शीड आहे आणि पायऱ्यांखालच्या खोक्यात दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन आहे. शीड त्याचं, इंजिन माझं, ही वाटणी पहिल्याच आठवड्यात झाली. त्याच्या मते इंजिन म्हणजे दर्यावर्दी माणसाला लाज आणणारी वस्तू. खाडीच्या तोंडाशी ओहोटी उलटी लागली आणि वारा पडला की हाच दर्यावर्दी "अगं, इंजिन लाव लवकर" म्हणून केविलवाणं ओरडतो. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. इंजिनाबरोबर मिळालेलं पुस्तक मी पेन्सिलीने खुणा करत पहिल्या पानापासून वाचून काढलं. ते पुस्तक म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स होती, पंपाच्या चित्राच्या जागी नुसता काळा डाग होता. तरी इंजिन आपल्याला कळलं, असं मी ठरवून टाकलं. पुस्तक वाचलं की विषय आला, ही खोड नोकरीने लावलेली आहे.

या इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचंच पाणी लागतं. बोटीच्या तळाच्या नळीतून ते आत येतं, एक मूठभर आकाराचा पंप ते इंजिनाभोवती फिरवतो आणि धुराबरोबर मागून बाहेर टाकतो. मागून पाण्याची पिचकारी पडते आहे ना, एवढं बघत राहायचं. ऑक्टोबरात, पावसाळा उलटून बोट पुन्हा पाण्यात गेली तेव्हा आमच्या मिस्त्रीने इंजिनाचं तेल बदललं, पट्टा बदलला, आणि सगळं बघून झाल्यावर नवऱ्याला सांगितलं की पंपाचं सील झिजलंय, नवीन मागवलंय, तोवर खाली थेंब थेंब पाणी पडेल ते पडू द्या. मग मिस्त्री भाचीच्या लग्नाला श्रीवर्धनला गेला, आठ दिवसांसाठी.

हा मिस्त्री श्रीवर्धनकडचाच, पंचावन्नच्या पुढचा, हाताची बोटं कायम काळी, बोलणं मोजकं. खाडीतल्या निम्म्या बोटींची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. मी त्याला भाई म्हणते, तो मला बाई म्हणतो, कारण जेट्टीवर सगळेच मला बाई म्हणतात. शाळा सुटली तरी बाईपण सुटलेलं नाही आणि खरं सांगायचं तर मी ते सोडलेलंही नाही.

नवरा इंजिनाबद्दलचा निरोप कांद्याच्या भावाइतक्या आस्थेने ऐकतो. त्याने मला निरोप दिला तो असा: "तो म्हणाला, ठिबकतंय तर ठिबकू दे." मी म्हटलं, ही काय कामाची पद्धत झाली? गळतंय ते दिसतंय, आणि गळू द्या म्हणून लग्नाला जायचं. दुसऱ्या दिवशी मी टॉर्च घेऊन पायऱ्यांखाली डोकं घातलं. पंपाच्या पोटाखाली एक भोक होतं, काडेपेटीची काडी जाईल एवढं, आणि त्यातून थेंब पडत होते. मी बोटावर थेंब घेऊन चाटला. खारट. म्हणजे समुद्राचं पाणी पंपातून बाहेर येतंय, निदान पक्कं झालं.

आता माझं माहेर माणगावच्या आत, भातशेतीच्या गावात. आमचा तुकडा लहान होता, पण बांध होते आणि बांधात खेकडे होते. खेकडा बांध पोखरतो आणि रातोरात खाचरातलं पाणी खालच्या शेतात जातं. आम्हा पोरांना आवणात, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, पहिलं काम तेच, बांधावरून चालायचं आणि पाणी जाताना दिसलं की चिखलाचा गोळा करून अंगठ्याने आत दाबायचा. का, कशाला, असं विचारायचं नाही. भोक दिसलं की बुजवायचं. शाळेत मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं, पण माझ्या अंगठ्याला ते कधी कुणी शिकवलं नव्हतं.

घरी पाण्याच्या टाकीसाठी आणलेली राखाडी पुट्टी होती. दोन गोळे एकत्र मळले, भोक पुसून कोरडं केलं आणि पुट्टी अंगठ्याने आत गच्च दाबली. तासाभरात दगड झाला. इंजिन लावून पाहिलं, एक थेंब नाही. मागून पिचकारी झकास. नवऱ्याला मी नुसतं "झालं" म्हटलं आणि दिवसभर त्या एका शब्दावर तरंगत होते. त्या आठवड्यात आम्ही तीनदा बाहेर गेलो. तिन्ही वेळा वारा नवऱ्याच्या मनासारखा नव्हता, त्यामुळे इंजिन भरपूर चाललं.

शनिवारी सकाळी मी तेल बघायची पट्टी बाहेर काढली आणि बघतच राहिले. काळ्या तेलाच्या जागी दूध जास्त झालेल्या चहाचा रंग होता. तेलात पाणी गेल्याशिवाय असं होत नाही, एवढं पुस्तकातल्या वाचता येणाऱ्या पानांवर होतं. इंजिनाच्या पोटात समुद्र शिरला होता. मला जो राग आला तो सरळ श्रीवर्धनच्या दिशेने गेला. याने पाच दिवसांपूर्वी तेल बदललं, आणि आज तेलात पाणी. हिशोब साधा होता, माझ्या विद्यार्थ्यालाही सुटला असता.

जेट्टीच्या तोंडाशी एका कोळणीची चहाची टपरी आहे. शनिवारी तिथे सगळी खाडी जमते. मी तिथे गेले आणि जे वाटलं ते वर्गाच्या आवाजात सांगितलं. साठ मुलांच्या गोंगाटावर चढवायचा तो आवाज. म्हटलं, काम केल्याचं नाटक करून मिस्त्री लग्नाला गेला, इंजिनात पाणी सोडून गेला, असल्या माणसाच्या हातात इंजिन देणं म्हणजे मूर्खपणा. बाकावर नागावचा होमस्टेवाला बसला होता. त्याच्या पर्यटकांना फिरवायच्या सहा बोटी आहेत आणि हंगामभर त्यांची देखभाल या वर्षी तो आमच्या मिस्त्रीला देणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही सांगताय म्हणजे विषयच संपला." तेव्हा मला त्या वाक्याचं बरंच वाटलं.

मंगळवारी मिस्त्री आला, नवीन सील घेऊन. चेहरा नेहमीसारखाच, पण सलाम केला नाही. पायऱ्यांखाली आडवा झाला, टॉर्च लावला, पंपाखाली बोट फिरवलं आणि नखाने काहीतरी खरवडून पाहिलं. मग "पंप काढावा लागेल" एवढंच म्हणाला. अर्ध्या तासात त्याने पंप काढून डेकवर जुन्या वर्तमानपत्रावर माझ्यासमोर ठेवला. भोकात माझी राखाडी पुट्टी होती आणि तिच्यावर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. गुन्हेगारानेही इतका स्वच्छ ठसा मागे ठेवला नसता.

"हे भोक कशाला असतं, माहितीय बाई?" त्याने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

त्याने पंप खोलून दाखवला. दांड्यावर दोन सील. एक समुद्राचं पाणी पलीकडे अडवतं, दुसरं इंजिनाचं तेल अलीकडे अडवतं. दोघांच्या मध्ये बोटभर मोकळी जागा, आणि हे भोक त्या मोकळ्या जागेचं. "पाण्याचं सील गेलं तर पाणी या जागेत येतं आणि भोकातून खाली पडतं. माणसाला कळतं, सील बदलायला पाहिजे. तोवर इंजिनाला काही तकलीफ नाही. भोक बंद केलं तर पाणी जाईल कुठे? दुसरं सील ढकलून तेलात." अपूर्णांक न कळणाऱ्या मुलाला मी जसं समजवायचे तसं, न चिडता, त्याने समजावलं. मला ते चिडण्यापेक्षा वाईट लागलं.

"मी बुजवलं," मी म्हटलं.

"माहितीय."

"कसं?"

"साहेब इंजिनाला हात लावत नाहीत," तो म्हणाला. नवरा पुढच्या बाजूला दोरखंडाची गाठ तिसऱ्यांदा सोडवत होता, त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग त्याने सांगितलं की माझं टपरीवरचं बोलणं त्याला जेट्टीवर येण्याआधीच कळलं होतं. होमस्टेवाल्याने फोन करून काम नको म्हटलं होतं, रविवारीच, लग्नाच्या मांडवात असताना. मी विचारलं, "मग तुम्ही त्याला सांगायचंत ना, की तुमची चूक नाही, आधी इंजिन तर बघू द्या."

"बाई," तो सील पुसत म्हणाला, "शाळेच्या बाईंनी सांगितलं म्हटल्यावर मिस्त्रीचं कोण ऐकणार?"

हे मला कापत गेलं. माझ्या वडिलांचा शब्द आमच्या गावात कुणी धरत नसे. त्यांनी खरं सांगितलं तरी समोरचा दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करायचा, आणि मी शिकले, नोकरीला लागले, तेव्हा घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी शब्दाला वजन आलं. ते वजन मी इतकी वर्षं मिरवलं. ते असं कुणाच्या अंगावर पडतं, हे मला साठी उलटल्यावर बोटीच्या डेकवर कळत होतं. मला फार लाज वाटली. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ते राहू द्या, आधी तेल बघू.

दुपारपर्यंत आम्ही तेच केलं. जुनं तेल उपसलं, नवीन भरलं, दहा मिनिटं इंजिन चालवलं, पुन्हा उपसलं. पहिल्या वेळी चहा, दुसऱ्या वेळी पातळ चहा, तिसऱ्या वेळी तेल तेलासारखं दिसायला लागलं. डबे मी धरले. नवीन सील बसवलं, पंप चढवला, आणि पंपाखालचं भोक त्याने बारीक तारेने साफ करून माझ्याकडे एकदा बघितलं. इंजिन वाचलं होतं. आणखी चार दिवस चालवलं असतं तर नसतं वाचलं, असं तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी टपरीवर या, मी सगळ्यांसमोर सांगते.

बुधवारी सगळे होते. होमस्टेवालाही होता. मिस्त्री एका टोकाला उभा होता. मी चहा घेतला, दोन घोट प्यायले, आणि ग्लासात बघत म्हटलं की इंजिनाचं जे झालं ते, म्हणजे, माझ्याकडूनच जरा झालं होतं.

कोळीण स्टोव्हमागून म्हणाली, "काय बोल्ली बाय? ऐकू न्हाय आलं."

"बाई," मिस्त्री म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "शनिवारी पार टोकाच्या होडीपर्यंत ऐकू गेलं होतं."

मी ग्लास खाली ठेवला आणि उभी राहिले. मग वर्गातला आवाज काढला. सांगितलं की सील झिजलंय, थेंब पडू द्या, असं मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ज्या भोकातून पाणी बाहेर पडायला हवं तेच मी पुट्टीने बुजवलं आणि माझ्या हाताने इंजिनात पाणी घातलं. मग याच जागी उभी राहून याच्या नावाने खोटं बोलले. याचं काम चोख होतं. बोलताना कान तापले होते, पण आवाज खाली येऊ दिला नाही. टोकाच्या होडीवरचा माणूस जाळं सोडून बघायला लागला होता.

मग होमस्टेवाला उठून माझ्याजवळ आला. "बाई, चुका कोणाकडून होत नाहीत? पण एवढं सगळ्यांसमोर कोण सांगतं," तो म्हणाला. बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. कोळणीने माझा गार झालेला चहा ओतून नवीन दिला आणि पैसे घेतले नाहीत. कुणीतरी म्हणालं, बाईंचं मन मोठं. मी होमस्टेवाल्याला विचारलं, मग बोटींचं काम? त्याने मिस्त्रीकडे न बघता मलाच उत्तर दिलं, की पनवेलच्या मिस्त्री लोकांना सांगून झालंय, कालपासून त्यांनी सुरूही केलंय, आता त्यांना नाही कसं म्हणणार, पुढच्या वर्षी बघू.

मिस्त्रीने त्याचा चहा संपवला, ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि हत्यारांची पिशवी उचलून निघाला. तो जेट्टीवरून लांब जाईपर्यंत लोक माझंच कौतुक करत होते.