बॉबिनची माय

सकाळी उठून लोक देवाचं तोंड पाहतात. माझी बायको कुत्र्याची शी पाहायची. गटारीच्या कडेला वाकायची, पदर नाकाला लावायची नाही, आणि वैद्य नाडी बघतो तसं बघून सांगायची, "काल यानं नाक्यावरच्या लारीवरची भजी खाल्ली." मग चहा ठेवायच्या आधी त्या हातगाडीवाल्याशी भांडायला जायची. एकदा मला खरं वाटेना म्हणून मी मागोमाग गेलो. लारीवाला मान खाली घालून म्हणाला, "बे टुकडा ज आप्या हता, बेन." दोनच तुकडे. तिला तेवढे दोन तुकडे दिसले होते.

गल्ली तिला बॉबिनची माय म्हणायची. तिचं नाव मी आयुष्यात कधी घेतलं नाही, आता कशाला घेऊ. तिला जाऊन चार महिने झाले. त्या कुत्र्यापायी मी तिच्याशी एक खोटं बोललो आणि ती असेपर्यंत ते खोटं मागे घेतलं नाही. तेच सांगायला बसलोय. पण आधी ती कशी होती ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

आम्ही खानदेशातले, दोंडाईच्याकडचे. सुरतेत बमरोलीला लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, मी बावीस वर्षं कापड विणलं. कान तिथेच गेले. खात्यामागच्या गल्लीत आमची एक खोली होती. तिथे एक पिल्लू आलं. दोन्हीकडे फुगलेलं, मधे बारीक, म्हणून कामगारांनी त्याला बॉबिन नाव ठेवलं. येईल तो काहीतरी टाकायचा आणि ते सगळं बाहेर काढायचं. वर्षभरात त्याचं पोट असं झालं की साधी तेलाची पोळीसुद्धा पचेना. कोणी म्हणालं, मरेल. ही म्हणाली, "मरत नाही. त्याला कोणी नीट वाढलंच नाही अजून."

मग तिनं त्याचं पोट हातात घेतलं. जुना तांदूळ दोनदा धुवून, बोटानं चिरडेल इतका शिजवायचा. त्यात उकडलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणि पातळ ताक. तेल नाही, मीठ नाही, मिरची नाही, दूध तर अजिबात नाही. भात मनगटावर लावून बघायची आणि मगच थाळी ठेवायची. घरात घड्याळ होतं पण ते बंद होतं. शेजारच्या मिलचा भोंगा सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला व्हायचा, त्या तीन भोंग्यांना बॉबिनचं जेवण. दहा मिनिटांत खाल्लं तर खाल्लं, नाहीतर थाळी उचलायची. मी म्हणायचो, राहू दे ना, खाईल मागून. तर म्हणायची, "त्यानं पोट शे, कोठी नही." पोटाला आपली वेळ माहीत पाहिजे, केव्हाही उघडून भरायला ती धान्याची कोठी नाही, असं तिचं म्हणणं.

रेशनचा तांदूळ बदलला की ती नवा एकदम शिजवायची नाही. पहिल्या दिवशी जुन्यात नव्याची एक मूठ, दुसऱ्या दिवशी दोन, असं आठ दिवस. म्हणायची, "पोटाला परका माणूस एकदम भेटवू नये. ओळख करून द्यावी." तरी बिघडलंच तर एक वेळ पूर्ण उपास, मग नुसती पेज, मग अर्धी थाळी. मला सणकून ताप होता तेव्हासुद्धा माझं एवढं कोणी मोजलं नव्हतं. ते मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला तोंड आहे. दुखलं तर सांगता. नाही दुखलं तरी सांगता."

समोरच्या म्हाताऱ्या बा गुजराती, पुण्यासाठी रोज तुपाची रोटली कुत्र्याला घालायच्या. त्यांना नाही म्हणायची हिची हिंमत नव्हती. रोटली हातात घ्यायची, कपाळाला लावायची आणि पलीकडच्या काळ्या कुत्र्याला टाकायची. बा रागावल्या तर म्हणाली, "बा, पुण्य पोचलं. पत्ता बदलला एवढंच." बांनाही हसू आलं.

मी मात्र तिचं ऐकत नसे. एका चांदणी पाडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सगळी सुरत घारी खात होती. शेठनं आम्हालाही एकेक दिली होती. तुपात बुडवलेली ती मिठाई मी अर्धी खाल्ली आणि अर्धी बॉबिनपुढे टाकली. सणाचा दिवस, त्यानंही खावी. तीन दिवस ते कुत्रं पाठ वाकवून उभं होतं, पाणीही पोटात ठरेना. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुमले बरं वाटनं. त्याले नही वाटनं." मी तेव्हा शिकायला हवं होतं.

खात्याच्या दाराशी कैलास चौकीदार असायचा. ओरिसाचा, एकटा राहायचा. ही त्याला रोज दुपारी चहा द्यायची. तो हिला भाभी म्हणायचा, आणि हिला बाजारात जायचं असलं की बॉबिन त्याच्या स्टुलाखाली बसायचा. कैलास त्याला खायला मात्र काही देत नसे. भाभीच्या थाळीत आपण कशाला हात घालायचा, म्हणायचा.

मग चौऱ्याण्णव साली गणपती गेले आणि प्लेगची साथ आली. ज्यांनी सुरतेत ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, गाठोडी डोक्यावर, उधना स्टेशनकडे नुसता लोंढा. कोणी म्हणे पाण्यात विष आहे, कोणी म्हणे हवेत. आमची गल्ली दोन दिवसांत निम्मी रिकामी झाली. मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू. नंदुरबारकडे जाणारा एक टेम्पो मिळाला, ड्रायव्हर म्हणाला, अर्धा तास थांबतो.

ही निघेना. "बॉबिनचं काय?"

मी म्हणालो, कैलास आहे ना. मग तिनं एका फडक्यात पाच-सहा किलो तांदूळ बांधला, अर्धं डांगर दिलं आणि माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं. किती शिजवायचं, केव्हा ठेवायचं, केव्हा उचलायचं, दूध नाही. मी गाठोडं घेऊन निघालो. खातं पन्नास पावलांवर होतं. वाटेत एकजण म्हणाला, तिकडे जाऊ नको, आत दोन कामगार खोकताहेत. मी थांबलो. दार लोटलेलं होतं. मी हाक मारू शकलो असतो. माझा आवाज लूमच्या वर जायचा, पन्नास पावलं काय. मी हाक मारली नाही. डांगर तिथेच एका घराच्या पायरीवर ठेवलं, तांदूळ खांद्यावरच्या माझ्या पिशवीत खाली दाबला आणि परत आलो.

"कैलासले सांगं ना?"

"हा, सांगं."

एवढंच. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, कैलासला सांगितलं हे तिला खरंच वाटलं. टेम्पो सुटला तेव्हा बॉबिन काही अंतर मागे धावला. ती त्याला म्हणाली, "जाय, कैलासकडे जाय."

गावी भावाकडे आम्ही अठरा दिवस राहिलो. तो तांदूळ मी कोणाला न सांगता भावाच्या कोठीत ओतला. आम्हीच खाल्ला. गावात भोंगा नव्हता, पण ती सूर्याकडे बघून म्हणायची, "आते कैलास थाळी ठेवत व्हई." दिवसातून तीनदा. मी तंबाखू मळत बसायचो.

परत आलो तेव्हा गल्लीत सगळीकडे औषधाची पांढरी पावडर होती. बॉबिन आमच्या ओट्याखाली होता. बरगड्या मोजाव्यात असा. शेपूट हलवली, उठता आलं नाही. ती आधी गटारीकडे गेली. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यामा भात नही शे," ती म्हणाली. "एक शीतसुद्धा नाही."

मी उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर शिव्या खाल्ल्या असत्या, कदाचित महिनाभर बोलली नसती. बास, एवढंच झालं असतं. मी म्हणालो, "कैलासनं घातला नसेल."

तिनं उपास, पेज, साखरमिठाचं पाणी, सगळं केलं. जनावरांच्या डॉक्टरकडे मांडीवर घेऊन रिक्षानं गेली. सहाव्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि बॉबिननं थाळीकडे मान वळवली नाही. दुपारी संपला. ती रडली नाही. म्हणाली, "नाही जमत तर नाही म्हणायचं. शब्द कशाला द्यायचा?" त्या दिवसापासून तिनं कैलासचा चहा बंद केला. खात्यावरून जाताना रस्ता ओलांडून जायची. कैलासनं मला दोनदा विचारलं, "भाभी नाराज है क्या?" मी म्हणालो, "तिचा स्वभावच तसा आहे."

पाच वर्षं असंच चाललं. तिनं दुसरं कुत्रं पाळलं नाही. मग तिच्या छातीचं दुखणं निघालं, दवाखान्यात आठ दिवस होती. एका दुपारी मला म्हणाली, "कैलासला आपण फार तोडलं. तेव्हा त्यालाही जिवाची भीती असेल. घरी गेल्यावर त्याला चहाला बोलवा." खाटेजवळ मी एकटाच होतो. मला वाटलं, बरी झाली की सांगू. बरी होईल म्हणून थांबलो की बरी होणार नाही म्हणून थांबलो, ते मला अजून कळत नाही. दोन दिवसांनी गेली.

तिचे दिवस घातल्यावर मी कैलासला बोलावलं. आला, दाराशीच बसला. चहा मला धड करता येत नाही, तरी केला. आणि सगळं सांगितलं. तांदूळ, टेम्पो, पन्नास पावलं. त्यानं कप खाली ठेवला.

"मैं तो वहीं था," तो म्हणाला. "मेरे को कहाँ जाना था. अठारह दिन वहीं था. बोल देते तो भात बना देता."

 मग तोच बोलायला लागला. गल्लीत कोणी नव्हतं, कुत्रं उपाशी दिसलं. त्याच्याजवळ टोस्ट होते, ते घातले. पोट बिघडलं, तेव्हा वाटलं अशक्त झालंय, म्हणून स्वतःच्या वाटचं दूध पाजलं. आणखी बिघडलं, तर आणखी पाजलं. आम्ही परत आलो, चार-सहा दिवसांत कुत्रं मेलं आणि भाभीनं बोलणं टाकलं. तेव्हा त्याला वाटलं, भाभीला दूध कळलं. ती शी बघून ओळखते हे त्याला माहीत होतं. पाच वर्षं तो माणूस हेच धरून बसला होता की भाभीचं कुत्रं आपण मारलं.

मी म्हणालो, "कैलास, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

त्यानं चहा संपवला. नळावर जाऊन कप विसळला, पालथा ठेवला, चपला घातल्या. गल्लीकडे तोंड करून म्हणाला, "मेरी बात छोड़ो. भाभी को तो बोल देना था." आणि गेला.