सरीअण्णांची हाक

सरीअण्णांच्या आवाजाला स्वतःचं असं काही नव्हतं. ज्या दारात उभे राहतील, त्या घरचा तो व्हायचा. भाषा तर त्यांना पाच-सहा येतच होत्या, पण त्या त्या घराचा हेलही यायचा. बंगळूरला बसवनगुडीतल्या माझ्या खोलीबाहेरून त्यांनी पहिल्यांदा "काय गं, आहेस का?" म्हटलं, तेव्हा माझ्या हातातली बशी पडली. अशी हाक माझे वडील मारायचे, आणि वडील तर गेलेले. दार उघडलं तर अण्णा ऑफिसची किल्ली घेऊन उभे.

नव्वदच्या दशकात के. आर. पुरमकडे रेल्वे आणि बस एकत्र आणणारं नवं स्टेशन ठरत होतं. मी पुण्याहून आलेली, नकाशे काढणारी. अण्णा पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे मराठी. लोकांशी बोलणं हे त्यांचं काम. "आधी दार, मग नकाशा," असं म्हणत माझ्या प्रत्येक रेघेपुढे ते खोडरबर सरकवायचे. फुलवाल्या, रिक्षावाले, रेल्वेचे साहेब, सगळ्यांकडून त्यांना 'सरी' हवं असायचं. कन्नडात सरी म्हणजे बरं, कबूल. त्यावरूनच आम्ही हे नाव ठेवलं. नुसती मान डोलावलेली त्यांना चालत नसे. "या गावात मान कशीही हलते. तोंडातून येऊ दे."

त्याच सुमारास शहरात एक अफवा उठली. तिन्हीसांजेला कोणी बाई फिरते, घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणारा मरतो. मग दारोदारी खडूने 'नाळे बा' दिसू लागलं, म्हणजे 'उद्या ये'. ती वाचून परत जाते म्हणे, रोजच्या रोज. "सरकारी कचेरीतच शिकले असणार हे," अण्णा हसले. पण थोड्याच दिवसांत त्यांनाही दारं उघडेनाशी झाली. लोक खिडकीच्या फटीतून आधी त्यांचे पाय बघायचे. अण्णा बिचारे चपला काढून दाखवायचे. मला हसू यायचं, आणि संध्याकाळ झाली की यायचं नाही.

शेवटी एकच होकार मिळायचा राहिला, सुंदराक्कांचा. स्टेशनचा जिना नेमका त्यांच्या घरावर येत होता. त्यांचा मुलगा होसकोट्याच्या कारखान्यातून परतताना अपघातात गेला होता. "तो घर शोधत आला तर?" एवढंच त्या विचारायच्या. वरून मात्र निरोप आला, होकार आणा, नाहीतर घर सक्तीने घेऊ.

त्या संध्याकाळी मीही सोबत होते. गल्लीतली सगळी दारं बंद, सगळ्यांवर खडू. अक्कांचं दार तेवढं कोरं. अण्णांनी मानाने हाक मारली, "अक्का." हीच चूक झाली. त्या घरात मुलगाही आईला अक्काच म्हणायचा.

दार धाडकन उघडलं. "आलास?"

"अक्का, मी तो नाही. स्टेशनचा माणूस," अण्णा घाबरून म्हणाले.

"दिसतंय रे. पण तो असता आणि दार बंद राहिलं असतं तर? मरण आलं तर येऊ दे, म्हटलं." त्यांनी डोळे पुसले. "सरी. घ्या घर. त्याची हाक ऐकली मी."

मी घाईने कागद काढला. अण्णांनी तो माझ्या हातातून घेऊन खिशात घातला. परतताना म्हणाले, "ते सरी मला नव्हतं गं." तो आवाज घोगरा होता, आणि मला वाटतं, तेवढाच त्यांचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांशी कधी नव्हे ते भांडले आणि जिना वळवून घेतला. आज त्या आडव्या वळणाला लोक शिव्या घालतात. पुढे स्टेशन उभं राहीपर्यंत अण्णा रोज संध्याकाळी फाटकातून "अक्का" म्हणायचे आणि घटकाभर पायरीवर बसून घरी जायचे. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

स्टेशन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत अण्णा झोपेतच गेले. अक्कांना सांगायला मी गेले. पायरी चढले, आणि हाक मारायच्या आधीच दार आतून उघडलं.

"तू ये गं आत, स्वल्प कॉफी घे," अक्का म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत हसल्या. "आणि तुम्ही दोघं फाटकातच काय उभे?"

मागे वळायचा मला धीर झाला नाही. मी आत गेले आणि दार उघडंच ठेवलं.